डब्यात रॉकेट आहे, पण मोटर कुठे आहे?

माझी भाची मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून गुहागरला आली, ती काखेत पुठ्ठ्याचा एक लांबट डबा घेऊनच. वाढदिवसाला मिळालेलं मॉडेल रॉकेटचं किट. इस्रोच्या पीएसएलव्हीची 1:100 प्रतिकृती, आणि डब्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ‘खरोखर उडणारं’. ओटीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही एकेक भाग मांडला. पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकची निमुळती टोपी, रबरी दोरी, नारिंगी प्लॅस्टिकची छोटी हवाई छत्री, आणि चार पारदर्शक पंख.

“मामा, यात मोटरच नाहीये,” ती म्हणाली. थोड्या वेळाने दुसरा प्रश्न आला. “आणि हे काचेसारखे पंख कशाला? टीव्हीवरच्या पीएसएलव्हीला कुठे असतात पंख?”

दोन्ही प्रश्न बिनतोड होते. चांद्रयान-3 उतरल्यापासून अशी किटं मुलांना भेट म्हणून मिळताना दिसतात, आणि ओळखीच्या तीन-चार पालकांनी मला नेमकं हेच विचारलंय. म्हणून हे सविस्तर.

## रॉकेट कशाला ढकलून वर जातं?

होडीतून जेटीवर उडी मारणाऱ्याला हे शरीराने माहीत असतं. तुम्ही पुढे झेप घेता तशी होडी मागे सरकते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. रॉकेट जळालेला वायू जोरात खाली फेकतं आणि स्वतः वर सरकतं. त्याला टेकायला जमीन लागत नाही, हवाही लागत नाही, म्हणून ते पोकळीतसुद्धा चालतं. किती वस्तुमान, किती वेगाने मागे फेकलं, एवढ्यावर सगळा हिशेब.

## मोटर म्हणजे नक्की काय?

नाव फसवं आहे. यात फिरणारं काहीच नसतं. मॉडेल रॉकेटची नेहमीची मोटर म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 70 मिलिमीटर लांब, अंगठ्याएवढी कागदी नळी. तिच्या एका टोकाला पक्क्या मातीचं अरुंद तोंड, आत दाबून बसवलेली काळी दारू. वजन सुमारे 24 ग्रॅम. पेटवण्यासाठी तोंडात बारीक तार सरकवतात. पाच मीटर लांबून कळ दाबली की विजेने तार तापते आणि मोटर पेटते. काडी लावायची नसते.

मोटरवर ‘सी6-5’ असं काही छापलेलं असतं. घरच्या पाण्याच्या टाकीवरून ते कळतं. अक्षर म्हणजे टाकी केवढी. ए, बी, सी, डी अशी प्रत्येक पुढची टाकी आधीच्या दुप्पट. मधला आकडा म्हणजे नळ किती जोरात सुटणार, अर्थात सरासरी रेटा किती न्यूटन. तळहातावर 100 ग्रॅमचं वजन ठेवलं की जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. सहा न्यूटन म्हणजे दोन चांगल्या मोठ्या हापूसचा भार. एवढ्याशा रेट्याने काय होणार असं वाटतं, पण अख्खं रॉकेट 80-100 ग्रॅमचं असतं. सी6 मोटर दोन सेकंदांच्या आत जळून संपते आणि हलकं रॉकेट तेवढ्यात दोनशे मीटरच्या आसपास पोचण्याचा वेग घेतं.

शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मोटर विझल्यावर किती सेकंदांनी छत्री उघडायची ते तो सांगतो. त्याकडे पुढे येतोच.

## मग ती डब्यात का नाही?

कारण पुठ्ठा आणि प्लॅस्टिक हे खेळणं आहे, पण काळी दारू हे कायद्याच्या भाषेत स्फोटक आहे. आपल्याकडे 1884 चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे 2008 चे नियम लागू आहेत. मान्यता मिळालेलीच स्फोटकं बनवता, आयात करता, साठवता आणि विकता येतात, तीही परवान्याने. ही व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परदेशात अशी मोटर खेळण्याच्या दुकानात मिळते म्हणून नातेवाइकाला बॅगेत टाकून आणायला सांगू नका. विमानात स्फोटकं नेता येत नाहीत, टपालाने पाठवता येत नाहीत, आणि पकडली गेली तर ‘मुलाच्या खेळण्यासाठी आणलं’ हे उत्तर पुरत नाही.

“दिवाळीत रॉकेट मिळतं, मग हे का नाही?” दिवाळीचं रॉकेटही याच कायद्याखाली, परवानाधारक कारखान्यात बनतं. त्यातली दारू काढून दुसऱ्या नळीत भरली की मात्र तुम्ही स्वतःच विनापरवाना स्फोटक बनवायला बसलात.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीसारख्या गावी उतरवली गेली होती. तेव्हापासून इथले पोलीस आणि इथली गावं अनोळखी सामानाकडे बारकाईने बघतात, आणि ते योग्यच आहे. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा, चिपीला प्रवासी विमानतळ. या आसपास आकाशात काहीही सोडण्याचा विचार करू नये. मोटरवरचं उड्डाण पाहायचं असेल तर ज्या आयोजकांकडे परवाने आणि जागेची परवानगी आहे त्यांच्या कार्यशाळेत जावं, आणि जाण्याआधी ती कागदपत्रं दाखवा म्हणून सरळ विचारावं. विचारायला संकोच वाटू देऊ नका.

## “आम्ही लहानपणी दारू भरायचोच की!”

हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकतो. त्याला उत्तर म्हणून या छंदाचा जन्मच सांगतो.

ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली पोरं घरोघरी रॉकेटं बनवू लागली. लोखंडी नळ्यांत मिश्रणं ठासायची, त्यांचे स्फोट व्हायचे, बोटं आणि डोळे जायचे. नेब्रास्कामधला ऑर्व्हिल कार्लाइल हा बुटांचा दुकानदार आणि त्याचा भाऊ रॉबर्ट यांनी 1954 च्या सुमारास एक वेगळी गोष्ट करून ठेवली होती. हलकं कागदी रॉकेट, आणि त्यात वापरून फेकून द्यायची तयार मोटर. हॅरी स्टाइन या अभियंत्याने मुलांच्या अपघातांवर लेख लिहिला, तो कार्लाइलच्या वाचनात आला आणि त्याने आपलं रॉकेट स्टाइनला धाडलं. पुढे 1958 मध्ये व्हर्न एस्टिस याने मोटरी बनवणारं यंत्र तयार केलं.

म्हणजे मुलाचा हात दारूला कधीच लागू नये, यासाठीच मॉडेल रॉकेट जन्माला आलं. धातूऐवजी पुठ्ठा यासाठी, की बिघाड झालाच तर कपचे उडू नयेत. घरी दारू भरणं हा या छंदाचा प्रगत टप्पा नाही. ज्या दिवसांतून हा छंद मुलांना बाहेर घेऊन आला, त्या दिवसांत परत जाणं आहे ते. त्यामुळे या बाबतीत माझं उत्तर कायम ‘नाही’ असतं, समोर कितीही हुशार मुलगा असो.

## पारदर्शक पंखांचं कोडं

हा माझा सगळ्यात आवडता भाग.

दिवाळीच्या रॉकेटची काडी मोडून ते सोडलं तर काय होतं, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ते गरागरा फिरत कुणाच्याही अंगणात घुसतं. काडी धरायची सोय म्हणून नसते, ती रॉकेटची शेपटी असते. उडणाऱ्या वस्तूत दोन जागा महत्त्वाच्या. एक तोलाची, जिथे बोटावर धरलं तर ती आडवी स्थिर राहते. हा गुरुत्वमध्य. दुसरी, बाजूने येणाऱ्या हवेचा सगळा रेटा जणू जिथे एकवटतो ती. तिला दाबमध्य म्हणू. तोलाची जागा पुढे आणि हवेची जागा मागे असली पाहिजे. मग रॉकेट जरा तिरकं झालं तरी हवा त्याची शेपटी ढकलून त्याला सरळ करते, जशी ती छपरावरच्या वातकुक्कुटाला वळवते. उलट झालं तर तीच हवा त्याला आणखी तिरकं करते, आणि पुढे कोलांट्या. दोन जागांमध्ये निदान नळीच्या जाडीएवढं अंतर हवं, असा ठोकताळा आहे.

खरं पीएसएलव्ही 44 मीटर उंच, 2.8 मीटर जाड, आणि त्याच्या मोठ्या रूपात सुमारे 320 टन वजनाचं. त्याला पंखांची गरज नाही, कारण त्याला मेंदू आहे. पहिल्या टप्प्यात नोझलच्या, म्हणजे वायू बाहेर पडतो त्या तोंडाच्या, बाजूने द्रव फवारून ते ज्वाळेची दिशा किंचित वळवतं. तळहातावर उभी काठी तोलताना आपण हात सारखा हलवत राहतो ना, तसंच. आमच्या 44 सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याला असा मेंदू नाही. त्याला मुकी शेपटीच हवी. पण रंगीत पंख लावले तर ते पीएसएलव्ही दिसणार नाही. म्हणून पारदर्शक! लांबून पाहिलं तर प्रतिकृती हुबेहूब, आणि हवेला मात्र पंख बरोबर सापडतात.

इथे भाचीने वहीत एक गणित केलं. लांबी शंभरावा भाग, मग वजनही शंभरावा भाग का नको? लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभराने घटतात, म्हणून आकारमान दहा लाखाने घटतं. 320 टनांचे होतात 320 ग्रॅम. आमचं पोकळ पुठ्ठ्याचं मॉडेल त्याहूनही हलकं. प्रतिकृती दिसण्यात मोठ्या रॉकेटसारखी असते, वागण्यात नाही, ती अशी.

प्रतिकृती करताना तोल मागे जायची सवय असते, कारण मोटर मागे बसते. उपाय सोपा, टोपीत वजन. किटमध्ये मातीची वडी होती, पण दमट हवेत ती चिकट झाली. आम्ही गणपतीच्या शाळेतून मूठभर शाडू आणली आणि टोपीत दाबून सुकू दिली. दमटपणाचा त्रास आणखीही होतो. पुठ्ठा फुगतो आणि टोपी नळीत घट्ट अडकते. टोपी निघाली नाही तर छत्री बाहेर कशी येणार? टोपी सहज निघेल पण उलटं धरल्यावर पडणार नाही, इतकीच ती घासावी. आणि ही परीक्षा किनाऱ्यावर, उडवायच्या सकाळी पुन्हा घ्यावी. घरात बरोबर बसलेली टोपी खाऱ्या हवेत दोन तासांत बदलते.

## वर जाणं सोपं, परत येणं अवघड

मोटर विझली तरी रॉकेट वेगामुळे वर जात राहतं. त्या वेळात मोटरमधला दुसरा थर रेटा न देता सावकाश जळत असतो. तो संपला की तिसरा छोटा भुरका आतून टोपी उडवतो आणि छत्री बाहेर येते. शेवटचा आकडा या मधल्या थराचा. वेळ जुळली पाहिजे ती अगदी माथ्यावर, जिथे वेग जवळजवळ शून्य असतो. लवकर उघडली तर धावत्या मोटरसायकलवर छत्री उघडण्यासारखं होतं, चिंध्या. उशीर झाला तर तोवर रॉकेटने खाली मुंडी घालून वेग घेतलेला असतो. कार्यशाळेत मी एक असं उशिराचं पाहिलं. पाच सेकंद सगळे गप्प होते, आणि जिने ते केलं होतं ती मुलगी मोठ्याने आकडे मोजत होती. छत्री जमिनीपासून दोन माणसांच्या उंचीवर उघडली.

आता आपला किनारा. “एवढी मोकळी पुळण आहे, मग अडचण काय?” अडचण अशी, की रॉकेट मोकळ्या जागेत वर जातं पण उतरतं वाऱ्याच्या मर्जीने. छत्रीखालचं रॉकेट सेकंदाला चारेक मीटर उतरतं. दोनशे मीटरवरून यायला पन्नास सेकंद. वारा ताशी 15 किलोमीटर असेल, म्हणजे सेकंदाला चार मीटर, तर ते दोनशे मीटर वाहत जाणार. जेवढं उंच तेवढंच लांब. गुहागरची पुळण लांबीला पाचसहा किलोमीटर असेल, पण रुंदी तेवढी कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरू आणि माड. माडावर अडकलेलं रॉकेट पाडेकऱ्याशिवाय निघत नाही. त्यासाठी कुणी पोराने झाडावर चढू नये, आणि विजेच्या तारेवर अडकलं तर त्याचा नादच सोडावा.

त्यात वारा दिशा बदलतो. पहाटे मतलई, जमिनीवरून समुद्राकडे. दुपारी खारा वारा, समुद्रावरून आत. पंखवालं रॉकेट वर जाताना वाऱ्याकडे तोंड करतं आणि छत्री त्याला वाऱ्याबरोबर नेते. म्हणजे दुपारी ते आधी समुद्राकडे झुकेल आणि मग गावात येईल. मतलईत उलट, शेवटी पाण्यात. बरा वेळ मधला, मतलई पडलेली आणि खारा सुटायचा बाकी, सकाळी साधारण आठ-नऊ.

मग त्याच वेळी ओहोटी हवी. इथे कोळ्यांचा जुना हिशेब कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती. दक्षिणेला जावं तशी वेळ थोडी अलीकडे येते, पण अंदाजाला पुरतं. पुनवेनंतरच्या किंवा अवसेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला भरती दुपारी दीड ते सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास. शिवाय याच दिवसांत उधाणामुळे पाणी सगळ्यात मागे हटतं. वारा शांत आणि पुळण सगळ्यात रुंद, दोन्ही एकाच सकाळी. मला हा योग सापडला तेव्हा केवढा आनंद झाला होता!

हिवाळा-उन्हाळ्यात एक काळजी घ्या. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे कासवांची घरटी असतात आणि पिल्लं त्याच महिन्यांत बाहेर पडतात. कुंपण घातलेल्या जागांपासून दूर राहा.

“मग सड्यावर जाऊ, तिथे समुद्र नाही.” जांभ्याचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, खरोखर मोकळा असतो, पण पावसाळा संपला की तिथलं गवत वाळून कोळ होतं. एका ठिणगीने वणवा लागला तर आंब्याकाजूच्या बागा जातात, आणि त्या कुणाच्या तरी वर्षाच्या पोटापाण्याच्या असतात. मोटरवरच्या उड्डाणाला वाळलेलं गवत पूर्ण वर्ज्य.

“मोठी मोटर लावली तर?” मोठी मोटर म्हणजे जास्त उंची, म्हणजे वर केलेल्या हिशेबाने जास्त लांब. अमेरिकेतल्या सुरक्षा-संहितेत ए मोटरला निदान 30 मीटरचं मैदान सांगितलंय, सी मोटरला 120 मीटरचं. आपल्या किनाऱ्यांची रुंदी पाहता ए हीच कोकणाची मोटर.

## मग किट वाया गेलं का?

मुळीच नाही. भाचीला मी हेच सांगितलं, आणि सुट्टी संपेपर्यंत तिला ते पटलं.

आधी मोटरच्या मापाची कागदी गुंडाळी करून तिच्यात सुकी वाळू भरली. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती बरोबर 24 ग्रॅम केली आणि मोटरच्या जागी बसवली. रॉकेटच्या तोलाच्या जागी दोरी बांधली आणि अंगणात दोन-तीन मीटर लांबीवर डोक्याभोवती फिरवलं. टोपी पुढे ठेवून फिरलं तर पास. पहिल्यांदा ते आडवं फिरलं, शेपटी पुढे. शाडू वाढवली. तिसऱ्या खेपेला टोपीने पुढची दिशा पकडली आणि सोडली नाही. हीच खरी परीक्षा, आणि तिला दारूचा कणही लागत नाही.

मग उडवायला पाण्याचं रॉकेट केलं. दोन लिटरची सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली उलटी, तिला जुन्या प्लॅस्टिक फाइलचे पंख, वर शाडू भरलेली पुठ्ठ्याची टोपी. बाटलीत पाणी, तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं रबरी बूच, आणि मापक असलेला पंप. बूच आकड्याने धरून ठेवायचं आणि लांबून दोरी ओढून सोडायचं. दाबलेली हवा ही स्प्रिंग, पाणी हे फेकायचं वजन. पाणी काठोकाठ भरलं तर स्प्रिंगला जागा उरत नाही. नुसती हवा ठेवली तर फेकायला जड काही नाही.

खेळ वाटला तरी नियम पाळावेत. बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच, कारण ती दाब सोसायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली कधीच नाही. मापकाच्या काट्याने पीएसआयमधला (हवेच्या दाबाचं माप) 60 चा आकडा ओलांडू नये. वाळूने ओरखडे पडलेली बाटली टाकून द्यावी. हवा भरताना बाटलीवर वाकू नये, आणि सोडताना सगळे पाच-सात मीटर मागे.

## किती उंच गेलं, ते कसं कळणार?

कंपासपेटीतला कोनमापक, मधल्या भोकातून दोरा, दोऱ्याला खिळा. झाला ओळंबा. रॉकेटपासून 50 मीटर पावलांनी मोजून उभं राहायचं आणि माथ्यावर असताना कोनमापकाच्या सरळ कडेने त्याच्याकडे बघायचं. दोरा 90 च्या खुणेपासून जेवढा सरकला तेवढा कोन. कोन 45 अंश असेल तर उंची 50 मीटर. 30 अंशाला साधारण 29 मीटर, 60 ला 87. त्यात डोळ्याची उंची मिळवायची. वाऱ्याने रॉकेट तिरकं जातं, म्हणून दोन माणसं दोन बाजूंना उभी करून सरासरी घेतलेली बरी.

तृतीयेच्या सकाळी भाची एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला होतो, दाब दर वेळी 40 पीएसआय. तिच्या वहीत त्या दिवसाच्या सरासरी नोंदी अशा आहेत: पाणी 300 मिलिलिटर, 24 अंश. 1200 मिलिलिटर, 17 अंश. 700 मिलिलिटर, 33 अंश. शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्यात आणि बाजूला लिहिलंय, ‘पुढच्या उधाणाला 600 आणि 800 करून बघणे.’